टिकली नसलेले सहा डबे

डबा नंबर अकरा टेबलावर होता. कौसल्यानं बटण दाबलं आणि मोजायला लागली. "लाभ, दोन, तीन, चार…"

धान्य मापताना आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या बायकोनं तीच रीत डब्याला लावलेली. मी समोर बसून दुसऱ्या डब्याला सोल्डर मारत होतो. ती मोजता मोजता लसूण सोलत होती, तरी आकडा चुकत नव्हता. मोटरच्या कॉइलला तार गुंडाळताना तिनं जन्मभर वेढे मोजलेले. दोनशे एकोणचाळीस, दोनशे चाळीस. आतला रिले, म्हणजे मोटर उठवणारा स्विच, टक् करून वाजला.

"लागला," ती म्हणाली. लाल नखपॉलिशची बाटली उघडली, डब्याच्या झाकणावर एक टिकली लावली आणि लसूण घेऊन आत गेली.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. त्यात विशेष काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहा ठेवायच्या आधीच ती गेली. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी म्हणलं, तुम्ही म्हणता तर असेल.

त्याच्यावर जास्त लिहीत नाही. लिहायचं आहे ते डब्यावर.

मी केजला मोटर रिवायंडिंग करतो. जळालेल्या मोटरची तार काढायची, नवी भरायची. शिक्षण सातवी, तीही गुरुजींच्या मेहरबानीनं. पंधरा वर्षांखाली शेतावरच्या मोटरीला ऑटो बसवायची टूम निघाली. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडलेला डबा. लाइट आली की तो मोटर आपोआप चालू करतो, माणसाला विहिरीवर जावं लागत नाही. पण एका डीपीवर, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवर, बारा-पंधरा मोटरी असतात. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आल्या आल्या सगळ्यांचे ऑटो एकदमच मोटरी उठवायला लागले. बारा बैल एका दावणीला एकदम हिसका देतात तसं. फ्यूज जायचे, डीपी जळायचे.

मी म्हणलं, बारी लावू. पाण्याला बारी असते, तशी लाइटला बारी. प्रत्येक डब्याला नंबर द्यायचा. एक नंबरनं वीस सेकंद थांबायचं, दोन नंबरनं चाळीस, तीननं साठ. तीन नंबरला मोठी मोटर असेल तर तिला उठायला वेळ द्यायचा, म्हणून चार नंबर शंभरावर. असं करत अकरा नंबरला दोनशे चाळीस, म्हणजे चार मिनिटं.

हे डब्याला सांगायचं तर आतल्या चिपला प्रोग्राम लिहावा लागतो. आयटीआयच्या एका सरांकडं मी रोज दुकान बंद केल्यावर जायचो. त्यांनी मला सी भाषा शिकवली. सीमध्ये बत्तीस शब्द. सर म्हणाले, "मिस्त्री, बत्तीसच आहेत, घाबरू नका." मी म्हणलं, "सर, आमच्या गावात एका माणसाला हाक मारायला ह्याच्यापेक्षा जास्त शिव्या लागतात." सहा महिन्यांत जमलं.

स्टिकर छापणारानं विचारलं, डब्याचं नाव काय? मी विचार केलेला नव्हता. तोंडातून निघालं, "कौसल्या." स्टिकर घरी आणले तर ती भडकली. "आता मोटर जळली की गावोगाव माजा उद्धार व्हायचा. दुसरं नाव सुचलं न्हाई तुमाला?" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माजं नाव हाय ना, मंग मी बघितल्याबिगर एक डबा बाहीर जायचा न्हाई." तिथून ती मोजायला लागली. एकदा तर म्हणाली, ह्या डब्याचं घड्याळ पळतंय, दोनशे चाळीसचा दोनशे दहालाच लागला. मी हसलो. मोबाइल लावून बघितलं तर खरंच चिपच्या घड्याळाचा क्रिस्टल खराब निघाला. त्या दिवसापासून टिकली हाच आमचा शिक्का.

ती गेल्यावर मी दुकान बंद करायचं ठरवलं होतं. पण युसूफ वडगाव गावच्या भगवान आण्णांचे सहा डबे द्यायचे राहिले होते. आण्णांच्या डीपीवर चौदा मोटरी, आठांवर माझे जुने डबे होते. आण्णा म्हणाले, "तेवढे सहा दे मिस्त्री, मंग खुशाल बस घरी." त्यात माझा कम्प्युटर बंद पडला. बीडला नेला. दुकानदारानं सगळं पुसून नवं भरून दिलं. प्रोग्रामची फाइल माझ्याकडं पेन ड्राइव्हवर होती. बाकीचं इंटरनेटवरून नवं उतरवून घेतलं. सहा डबे बनवले, आण्णांनी माणूस पाठवून नेले, बसवले. मी सुटलो असं वाटलं.

चार दिवसांनी मंगळवारी फोन.

"मिस्त्री, भगवान आण्णा बोलायलोय."

"बोला आण्णा."

"तुज्या कौसल्यानं मपला डीपी उडवला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून आण्णा खाकरले. मग म्हणाले, "डबा म्हणायलोय मी. डबा."

"कळलं. येतो."

बुधवारी सकाळीच गेलो. डीपीजवळ आण्णा होते, दोघं-तिघं शेतकरी होते, आणि लाइनमन रफीक होता. रफीक माझ्या ओळखीचा. खांबावर चढून चढून त्याचे पाय बाहेर वाकलेत.

"चाचा, काल दोनदा फ्यूज गेला," रफीक म्हणाला. "लाइट सोडली की धाड करून सहा मोटरी एकाच टायमाला उठतेत. आता हे लोक तिसऱ्या टायमाला जाड तार टाकतील. मंग फ्यूज जायचा न्हाई, डीपी जाईल."

"आमी कशाला जाड तार टाकतो बे?" एक शेतकरी म्हणाला.

"मागल्या साली कोण टाकलं व्हतं? मी?"

"ते जाऊ दे."

शेताला लाइट काही दिवस दिवसपाळीत, काही दिवस रातपाळीत मिळते. दहाला दिवसपाळीची लाइट आली. मी डोळ्यांनी बघितलं. सहा मोटरी एका दमात गुरगुरल्या, डीपीनं हूं केलं आणि फ्यूज ताडकन गेला. जुन्या आठ डब्यांचा काही दोष नव्हता. ते बिचारे आपापली बारी मोजत बसले होते. बारी यायच्या आत लाइटच गेली.

आण्णा एका डब्यापुढं जाऊन उभे राहिले. "ह्याला टिकली न्हाई."

मी झाकण अंगठ्यानं पुसलं.

"जुन्याला हाय. बघ. हे सहाच्या सहा कोरे."

"घाईत राहिली," मी म्हणलं.

एक जण मागून म्हणाला, "कौसल्या लई भडकली म्हणायची." दोघं हसले. वाईट मनानं बोलले नसतील. डब्यावर हसले. पण माणूस गेल्यावर दोन महिने तरी लोक त्याचं नाव नीट घेतात. माझ्या बायकोचं नाव चौदा डब्यांवर चिकटलं होतं आणि लोक म्हणत होते, कौसल्यानं डीपी उडवला. तिनं सांगितलेलं खरं झालं, तेही ती नसताना.

आण्णा म्हणाले, "मिस्त्री, ऐक. रविवारी दहाला परत दिवसपाळीची लाइट. तवर ह्या सहा मोटरी आमी हातानं चालवतो. रविवारी नीट झालं तर झालं. न्हाई तर चौदाच्या चौदा डबे काढून तुज्या दुकानापुढं आणून टाकतो. आन् मंग तालुक्यात कुणी कौसल्याचं नाव घ्यायचं न्हाई. राग धरू नको."

"राग कशाचा? मीबी तेच केलं असतं."

सहाही डबे आणि एक जुना, टिकलीवाला, पिशवीत घालून मी केजला आलो.

फॉल्ट शोधायची आमची रीत साधी आहे. लाइन लांब असेल तर मधून तोडायची. अर्ध्यात लाइट आहे का बघायचं. आहे, तर फॉल्ट पुढच्या अर्ध्यात. परत त्याचं अर्धं. मी जुन्या डब्यातली चिप काढून नव्यात घातली. डबा बरोबर थांबला. नव्यातली चिप जुन्यात घातली. जुना डबा लगेच उठला. म्हणजे रिले, तारा, क्रिस्टल सगळं ठीक. रोग चिपमध्ये. चिपमध्ये काय असतं? माझा प्रोग्राम. पण प्रोग्राम तोच होता, एक अक्षर बदललेलं नव्हतं.

मग बदललं काय?

आता थोडं समजून सांगतो. मी सीमध्ये लिहितो, पण चिपला सी कळत नाही. तिला तिचीच भाषा कळते. मधे एक दुभाष्या लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. तोही एक प्रोग्रामच, कुणीतरी माणसांनी लिहिलेला. मी वापरतो तो फुकट मिळतो, जगातले लोक मिळून सांभाळतात. कम्प्युटर पुसला गेला तेव्हा माझा जुना दुभाष्या गेला आणि मी नवा उतरवला. बदल एवढाच.

संशय आला म्हणून चोर ठरत नाही. मी बोर्डावरच्या लाल दिव्याला सांगितलं, बारीच्या यादीत जेवढा आकडा असेल, त्याला विसानं भागून तेवढ्या वेळा लुकलुक. तीन नंबरला तीनदा लुकलुकायला पाहिजे. एकदाही लुकलुकला नाही. अकरा नंबरला बघितलं. नाही. चौदाला. नाही. यादी सगळी शून्य. वीस, चाळीस, साठ मी लिहिलेलं होतं आणि चिपच्या डोक्यात सगळीकडं भोपळा. थांबायचं शून्य सेकंद. म्हणून सगळे एकदम उठत होते.

ही यादी म्हणजे ग्लोबल व्हेरिएबल. प्रोग्रामच्या एका कोपऱ्यातली गोष्ट ही घरातली पाटी, तिथल्या तिथं लिहायची, तिथंच पुसायची. ग्लोबल म्हणजे चावडीवरचा फळा, सगळ्यांना दिसतो. पण फळा चिपच्या अशा जागेत असतो की लाइट गेली की पुसला जातो. लाइट आली की सगळ्यात आधी, माझा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधी, एक छोटा कारकून उठतो. पक्क्या जागेत लिहून ठेवलेले आकडे बघून तो फळ्यावर उतरवतो. फळा भरला की मग माझं काम सुरू. तो कारकून दुभाष्यानंच बसवलेला असतो. माझ्या डब्यात कारकून उठत होता, पण फळा कोराच राहत होता.

गुरुवारी मी त्या कंपायलरच्या लोकांना लिहिलं. त्यांचं इंटरनेटवर तक्रारीचं एक पान आहे. इंग्रजीचं मोबाइल मराठी करून देतो, मग त्या मराठीचं मी मराठी करतो. तिथं एक मॅडम आहेत, कुठल्या देशाच्या मला माहीत नाही. त्यांनी तासाभरात उत्तर दिलं. "चूक दाखवणारा सगळ्यात लहान प्रोग्राम पाठवा."

बाई कामाची वाटली. आम्हीही तेच म्हणतो, अख्खी मोटर आणू नको, जळालेली कॉइल दाखव. मी प्रोग्राम छाटत छाटत चार ओळींवर आणला. यादीही छाटली. चौदा आकडे कशाला, तीन पुरे. वीस, चाळीस, साठ. पाठवून दिला.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. "आमच्याकडं बरोबर चालतं. फळ्यावर वीस, चाळीस, साठच येतं. तुमची चिप तपासा."

मला राग आला. चिप तपासूनच तर आलो होतो. मी म्हणलं, ह्यांना काय, तिकडं दिवसभर लाइट असते. मग विचार केला, शिव्या नंतर देऊ, आधी आपण पाठवलेला प्रोग्राम आपल्या चिपवर घालून बघू. पाठवायच्या आधी मी तो चालवून बघितलाच नव्हता. परत तेच. बघितल्याबिगर बाहेर.

घातला. लाल दिवा एकदा लुकलुकला, मग दोनदा, मग तीनदा. बरोबर चालत होता.

मी दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवले. डब्यातली यादी: शून्य, वीस, चाळीस, साठ, शंभर. मॅडमला पाठवलेली यादी: वीस, चाळीस, साठ.

ते पहिलं शून्य मी खाल्लं होतं.

ते शून्य कशाला होतं ते सांगतो. सीमध्ये यादीची पहिली जागा शून्य नंबरची असते. मोजायला सुरुवात शून्यापासून. आपल्याकडं शून्य नंबरचा शेतकरी कुठं असतो? पहिला शेतकरी एक नंबरचा. म्हणून मी शून्याच्या जागी शून्य टाकून ती जागा रिकामी सोडली होती, आणि एक नंबरपासून खरे आकडे. पण मॅडमना लिहिताना हात सवयीनं गेला. पायलीनं ज्वारी मापायला बसलेला माणूस आधी हवा मापत नाही. सुरुवात लाभपासून. म्हणून वीसपासून लिहिलं.

म्हणजे यादीच्या तोंडाशी शून्य असलं की बिघडतं, नसलं की चालतं. अर्धी लाइन तोडून झाली होती, आता फॉल्ट हाताच्या टप्प्यात होता.

आता डबे चालवायला एवढं पुरेसं होतं. शून्याच्या जागी एक लिहिला असता तर काम भागलं असतं. पण फ्यूज गेला म्हणून जाड तार टाकणारी जात माझी नाही. हा दुभाष्या जगात किती जण वापरत असतील. कुणाचं दूध तापवायचं मशीन असेल, कुणाचं दवाखान्यातलं.

ह्या कंपायलरचा प्रोग्रामसुद्धा कुणालाही वाचायला उघडा आहे. तोही सीमध्येच. तेच बत्तीस शब्द, पण फाइली इतक्या की धान्याच्या मोंढ्यात तेवढी पोती नसतील. मी कम्प्युटरला झिरो हा शब्द शोधायला लावला. दुपारचं जेवण राहिलं. साडेतीनला सापडलं.

नव्या दुभाष्यात कुणीतरी जागा वाचवायची शक्कल काढली होती. यादीत सगळे शून्यच असतील तर ते पक्क्या जागेत लिहून कशाला ठेवायचे? कारकुनाला नुसतं सांगायचं, एवढा फळा पुसून कोरा ठेव. शक्कल चांगली. फक्त यादी सगळी शून्य आहे का हे आधी बघायला पाहिजे. ते बघणारा तुकडा असा होता: एकेक आकडा घे. शून्य नसेल तर "यादी भरलेली आहे" म्हणून सांग. सगळे आकडे बघून झाले की "यादी रिकामी आहे" म्हणून सांग. हे शेवटचं वाक्य कंसाच्या बाहेर पाहिजे होतं, म्हणजे सगळे बघून झाल्यावर. ते कंसाच्या आत बसलं होतं.

म्हणजे काय झालं? माजलगावच्या मोंढ्यात गाडी आली, व्यापाऱ्यानं पहिलं पोतं चाचपलं, ते रिकामं निघालं, आणि हा म्हणाला सगळीच रिकामी आहेत, हाकला गाडी. मागं चौदा पोती भरलेली. कुणी बघितलीच नाहीत.

मी ते वाक्य कंसाच्या आतून उचललं आणि बाहेर ठेवलं. एक ओळ, एक ओळ खाली. मग तो अख्खा दुभाष्या माझ्या कम्प्युटरवर नव्यानं बांधायला लावला. सरांनी एकदा शिकवलेलं, वहीत लिहून ठेवलं होतं. दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा झालं. माझा मूळ प्रोग्राम घातला, तोंडाशी शून्य असलेला. दिवा तीन नंबरला तीनदा लुकलुकला, अकराला बारा वेळा. चार नंबरपासून वाढीव थांबा आहे, म्हणून बाराच बरोबर.

मी मॅडमना लिहिलं. "चूक माझी. मी यादीतलं पहिलं शून्य पाठवलं नव्हतं. आता सगळी यादी पाठवतो. चूक तुमचीही. कंस बघा." आणि ती ओळ जोडली.

शनिवारी सहाही डबे नव्यानं भरले. एकेकाला चालू करून मोबाइलचं घड्याळ लावून बघितलं. टिकलीची बाटली कपाटात होती. काढली नाही.

रविवारी दहाला डीपीजवळ आधीपेक्षा जास्त माणसं. रविवार म्हणजे तमाशा फुकट. रफीकनं हातमोजे घातले, फ्यूज बसवला आणि म्हणाला, "चाचा, बिस्मिल्ला करू का?"

"कर."

लाइट आली. कुणी हललं नाही. डीपी नुसता गुणगुणत होता. वीस सेकंदाला एक नंबरची मोटर उठली. पाइपातून पाणी खोकलं आणि यायला लागलं. चाळीसला दुसरी. साठला आण्णांची मोठी मोटर, डीपी जरा दबला, रफीक खांबापासून दोन पावलं मागं सरला, मग डीपी सावरला. शंभरावर चौथी. मग एकामागं एक. पोरं शाळेच्या रांगेत हजेरी देतात तसं. दोनशे चाळीसला अकरा नंबर, जुना, टिकलीवाला. तो माझ्या मोबाइलच्या घड्याळावर बरोबर सेकंदाला लागला. पाच मिनिटांत चौदाच्या चौदा पाणी ओढायला लागल्या. फ्यूज जागेवर.

"जमलं की बे," रफीक म्हणाला.

आण्णा म्हणाले, "काय झालतं ते सांग लोकायला. उगी कौसल्याचं नाव खराब झालं."

मी सांगितलं. दुभाष्या, फळा, पहिलं पोतं. पोत्याचं लगेच कळलं सगळ्यांना. एक जण म्हणाला, "म्हंजे तुजी चूक न्हाईच की मिस्त्री. त्या परदेशी लोकायची."

आता इथं गप्प बसलो असतो तर चाललं असतं. माझं नाव वाचत होतं, तिचंही. पण आण्णा त्या सहातल्या एका डब्याकडं बघत होते, कोऱ्या झाकणाकडं.

मी म्हणलं, "दुभाष्यानं एक चूक केली. दुसरी मी केली. हे सहा डबे मी बघितल्याबिगर दिले. एकदा चालू करून मोजलं असतं तर दुकानातच सापडलं असतं."

"मंग कावून न्हाई मोजलं?" आण्णांनी विचारलं.

"मोजणारं माणूस न्हाई."

बाकीचे मोटरींकडं बघायला लागले. मोटरी चालू होत्या एवढं बरं. आण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"तुला मोजता येत न्हाई व्हय?"

"येतं की."

"किती पत्तोर?"

"गप बसा आण्णा."

"न्हाई, सातवी शिकलाय म्हणून इचारलं," आण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "मपल्या भावाची पंधरावी मोटर यायची हाय ह्या डीपीवर. त्याला डबा पायजे. टिकलीचा. बिगर टिकलीचा मी बसवून घेणार न्हाई."

"दुकान बंद करायचंय मला."

"कर. पंधरावा देऊन कर."

केजला आलो तर मॅडमचं उत्तर आलं होतं. माझी ओळ त्यांनी घेतली होती. नवा दुभाष्या निघेल त्यात ती असेल. त्यांनी विचारलं होतं, ह्या यादीचं नाव "thamb" असं का? मी लिहिलं, आमच्याकडं त्याचा अर्थ वेट. खाली त्यांनी आणखी एक लिहिलं होतं. दुरुस्ती केली तेवढ्यानं काम संपत नाही, म्हणाल्या. तुमची यादी आम्ही आमच्या तपासणीत कायमची ठेवली आहे. इथून पुढं कंपायलरमध्ये कुणीही काहीही बदललं, की बाहेर जायच्या आधी ती यादी चालवून बघितली जाईल. दर वेळी. बदल कितीही लहान असो.

मोबाइलचं मराठी ह्या वेळी एकदम सरळ आलं होतं. परत वाचायची गरज पडली नाही.

धडा म्हणाल तर एवढाच. पहिलं पोतं बघून गाडीचं सांगू नये. आणि ज्या माणसाकडं तपासायचं काम आहे, ते माणूस गेलं तर ते काम त्याच्याबरोबर जात नाही. ते तिथंच पडून राहतं, कुणीतरी उचलेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दुकान उघडलं. पंधरा नंबरचा डबा दुपारपर्यंत करायचा होता, नऊलाच झाला. पंधराला तीनशे वीस सेकंद. मोबाइल खिशात ठेवला. बटण दाबलं आणि मोजायला लागलो. लाभ, दोन, तीन. एकशे सत्तरवर आलो आणि समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्यानं हाक मारली, "राम राम मिस्त्री, आज लवकर?" आकडा गेला. कौसल्या लसूण सोलत मोजायची, मला राम राम झेपला नाही. डबा बंद केला. गिरणीवाल्याला हातानंच गप राहा म्हणलं. परत बटण दाबलं. लाभ, दोन, तीन, चार. ह्या वेळी बोटं टेबलावर टेकवत गेलो. तीनशे एकोणीस. तीनशे वीस. टक्.

"लागला," मी म्हणलं. जरा मोठ्यानंच निघालं.

"काय लागलं?" गिरणीवाल्यानं तिकडून विचारलं.

"डबा."

नखपॉलिशची बाटली वाळली होती. दोन थेंब थिनर घातला, हलवली. ब्रश माझ्या हातात जाड वाटला. टिकली थोडी वाकडी आली. वाळू दिली, डबा पिशवीत घातला आणि वडगावची गाडी धरली.